नागली तिची, नाव कुणाचं?

उन्हाळा लागला की आपल्याकडे पापडांची धांदल सुरू होते. उडदाचे, पोह्याचे, आणि नाशिक-कळवण-सटाण्याकडे हमखास नागलीचे. गेल्या काही वर्षांत तर नागलीला फारच भाव आला आहे. डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाली म्हणून सांगितलं की नागलीची भाकरी, बाळाला वरचं अन्न सुरू करायचं तर नागलीचं सत्त्व, साखरेचा त्रास असला तरी नागली. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे आता शाळकरी मुलीही सांगतात. पण ही नागली ज्या वावरात पिकते ते वावर कुणाचं, हा प्रश्न पापडाचा डबा भरताना कुणाला पडत नाही. पडायचं कारणही नसतं म्हणा!

सुरगाणा तालुका नाशिक शहरापासून ८०-९० किलोमीटरवर. वणीचा गड मागे टाकला, घाट चढला-उतरला, की डोंगरांच्या रांगा सुरू होतात. पलीकडे गुजरातचा डांग जिल्हा आणि सापुतारा. एकेकाळी हे छोटंसं संस्थान होतं, १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं. इथले शंभरातले नव्वदहून अधिक लोक आदिवासी – कोकणा, महादेव कोळी, वारली. पाऊस रगड पडतो. नार, पार, अंबिका या नद्या याच भागातून वाहतात, पण पाणी सगळं उतारावरून गुजरातकडे आणि समुद्राकडे निघून जातं. म्हणजे जुलैत छप्पर गळतंय म्हणून रात्र जागून काढायची आणि मार्चनंतर हंडा घेऊन झिरा गाठायचा, असा इथला बाईचा जन्म.

इथे जमीन दोन प्रकारची. खाली ओहोळाच्या कडेला भाताची खाचरं, ती बहुतेक मालकीची, सातबाऱ्यावरची, आणि फार थोडी. वर डोंगरउतारावर वरकस जमीन. तिथे नागली, वरई, खुरासणी, उडीद. आपण उपासाला भगर खातो ना, ती या वरईचीच. पोट भरायचं ते या वरच्या जमिनीनं. भात चार महिने पुरला तर पुरतो, नागली मात्र कणगीत ठेवली की वर्षानुवर्षं किडत नाही. वाईट सालासाठी बाईनं राखून ठेवायचं धान्य म्हणजे नागली.

हे धान्य फुकट येत नाही हं. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, गवत पसरून राब भाजायचा. मृगाचा पाऊस पडला की त्यावर बी टाकायचं. रोपं वीतभर झाली की उपटून, जुड्या बांधून, भर पावसात वाकून लावायची. मग निंदणी. दिवाळीच्या आगेमागे कणसं खुडायची, वाळवायची, बडवायची, पाखडायची. नांगर आणि औत गड्याच्या हातात असतं, बाकी जवळजवळ सगळं बायांच्या कमरेवर. बी कुठलं ठेवायचं, कुठली नागली लवकर येते, कुठली भाकरीला चांगली, हे घरातल्या म्हातारीला विचारावं. (राब भाजून माती उघडी पडते आणि पावसात वाहून जाते, हेही खरं. कृषी खात्याचे लोक ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पण खत विकत घ्यायला पैसे नसताना दुसरं काय करणार, याचं उत्तरही त्यांनी द्यायला हवं.)

आता मूळ मुद्दा. ही वरची डोंगरउताराची जमीन पिढ्यान् पिढ्या ज्यांनी कसली त्यांची ती कागदावर नव्हतीच. कागदावर ती वनखात्याची, आणि तिच्यावर नागली लावणारी बाई अतिक्रमण करणारी. आजेसासूनं लावलेला आंबा फळं देतोय, सासऱ्यानं घातलेला बांध उभा आहे, पण नाव कुठे नाही. वनरक्षक आला की उभ्या पिकाची धास्ती. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण लहानपणापासून ऐकतो, सुरगाण्यात ती डोंगराच्या पायथ्याशीच थांबली होती.

२००६ च्या डिसेंबरात संसदेनं वनहक्क कायदा केला आणि २००८ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतोय त्याला ती, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्कानं मिळावी असं हा कायदा सांगतो. या कायद्यात एक ओळ अशी आहे की ती प्रत्येक बाईनं वाचायला हवी. पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा, आणि घर एकट्या बाईचं असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. नवऱ्याची मर्जी असो की नसो. आपल्या गावच्या सातबाऱ्यावर किती बायकांची नावं आहेत ते आठवून पाहा, म्हणजे या ओळीचं मोल कळेल. २०१५-१६ च्या शेती गणनेत देशभरात शंभर खातेदारांमागे बायका जेमतेम चौदा होत्या. शेतात राबणारे हात मोजले तर हा आकडा वाचून हसावं की रडावं कळत नाही.

या पट्ट्याला आणखी एक अट आहे. तो वारसाहक्कानं मुलांकडे जातो, पण विकता येत नाही, कुणाला देऊन टाकता येत नाही. काहींना ही अट जाचक वाटते. मला विचाराल तर, दारूच्या किंवा लग्नाच्या कर्जापायी जमीन हातची जाताना ज्यांनी पाहिली आहे त्या बायांना ही अट जाचक वाटणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. बँकेच्या दारात हा पट्टा घेऊन गेलं की साहेब कागद उलटसुलट करून बघतात. पट्टा हाती आला तरी बऱ्याचदा वनखात्याचं नाव वर तसंच राहतं आणि कसणाऱ्याचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात जातं. म्हणून तर मोर्चांमधली मागणी अशी असते की आमची नावं ‘कब्जेदार’ सदरी लावा. ऐकायला कारकुनी वाटतं, पण पीककर्ज, नुकसानभरपाई, विहिरीची योजना सगळं या रकान्यावर अडतं.

मोर्चाचं नाव निघालंच आहे तर २०१८ सालचा मार्च आठवावाच लागेल. ६ मार्चला नाशिकहून अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, त्र्यंबक या भागांतली माणसं हजारोंनी चालली आणि त्यांत बायांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी होती. तेव्हाचे कळवण-सुरगाण्याचे आमदार जे. पी. गावित पुढे होते. सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवस. अनवाणी चालून सोललेल्या तळव्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पेपरात पाहिले. मुंबईत पोहोचल्यावर दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून ही माणसं रात्री न झोपता सोमय्या मैदानावरून आझाद मैदानापर्यंत चालत गेली, आणि मुंबईकर बायकांनी त्यांना पाणी, बिस्किटं, चपला आणून दिल्या. १२ मार्चला सरकारनं मागण्या लेखी मान्य केल्या. वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असा शब्द दिला.

त्यानंतर २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा मोर्चा निघाला. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून आणखी एक, तो ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदपर्यंत गेला आणि तिथे थांबला. एकाच मागणीसाठी पाच वर्षांत तीनदा घर सोडून चालायला लागलं, यावरून शब्द किती पाळला गेला ते समजून घ्यावं. मधल्या काळात, १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, न्यायालयानंच तो स्थगित केला. पण ते पंधरा दिवस डोंगरातल्या घरांत चूल कशी पेटली असेल याची कल्पना करा.

आता तुम्ही म्हणाल, हा जमिनीचा आणि वनखात्याचा तंटा, यात शहराचा काय संबंध? संबंध आहे. नाशिक वाढतंय. सातपूर, अंबड, पंचवटी, आडगाव करत शहर मळ्यांवर पसरलं. मखमलाबाद-हनुमानवाडीच्या सुमारे साडेसातशे एकरांवर स्मार्ट सिटीच्या नावाखाली नगररचना योजना आणायची ठरली तेव्हा तिथल्या द्राक्ष आणि भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. शहराजवळची शेती गेली की भाजीपाल्याचा, फार्महाऊसचा, रस्त्याचा डोळा आणखी पुढच्या तालुक्यावर जातो. सुरत-चेन्नई ग्रीनफील्ड महामार्गाची आखणी झाली तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांत सुरगाण्याचंही नाव आलं. मोबदला मिळतो, नाही असं नाही. पण तो मिळतो कागदावर ज्याचं नाव आहे त्याला. नागली लावणाऱ्या बाईचं नाव कागदावर नसेल तर रस्ताही तिच्या वावरातून जाणार आणि पैसाही तिच्या हातावरून दुसरीकडे जाणार.

आदिवासींच्या मालकीच्या जमिनीला संरक्षण आहे, ते १९७४ पासून. महसूल संहितेच्या ३६-अ कलमाप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता, गहाण ठेवता किंवा भाडेपट्ट्यानं देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, विक्रीला तर सरकारचीही. या एका कलमामुळे सापुताऱ्याच्या रस्त्याला लागून असूनही सुरगाण्यातली पुष्कळ जमीन अजून आदिवासींच्या हातात आहे. २०२५ च्या सप्टेंबरात महसूलमंत्र्यांनी आदिवासी शेतकऱ्यांना आपली जमीन खाजगी व्यक्तींना भाडेपट्ट्यानं देता यावी अशी घोषणा केली. मालकी तुमचीच राहील, दरवर्षी भाडं मिळेल, असं सांगितलं गेलं, आणि आदिवासी संघटनांनी लगेच विरोध केला. भाडं मिळणं वाईट नाही. पण ज्या घरात बाईचं नाव जमिनीवर नाही तिथे करारावर अंगठा कोण देणार आणि भाड्याचे पैसे कुणाच्या खिशात जाणार? बाई मात्र कणगी रिकामी झाली म्हणून रेशनच्या रांगेत.

वारसाचा भाग तर आणखी किचकट आहे. आपल्याला वाटतं, २००५ सालापासून मुलीला बापाच्या मिळकतीत बरोबरीचा वाटा आहे. आहे, पण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्या कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. म्हणजे ज्या सुधारणेचं कौतुक आपण महिलादिनाला करतो ती सुरगाण्याच्या लेकीपर्यंत पोहोचलीच नाही. ९ डिसेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला या गोष्टीचा विचार करायला सांगितलं. मग १७ जुलै २०२५ ला, आजोबांच्या जमिनीतला आईचा वाटा मागणाऱ्या छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाच्या खटल्यात, न्यायालयानं निकाल दिला की मुलीला वाटा नाही अशी रूढी कुणी सिद्ध केली नसेल तर तिला बरोबरीचा वाटा मिळालाच पाहिजे. रूढी आहे म्हणणाऱ्यानं ती दाखवून द्यावी. मोठाच निकाल. मात्र कोर्टाची पायरी चढणारी बाई डोंगरात किती सापडेल, हे तुम्हीच सांगा.

इथे थोडं चांगलंही सांगू दे. दिवाळी झाली की सुरगाण्या-पेठेच्या वाड्या ओस पडायच्या, अजूनही पडतात. मुकादमाकडून उचल घेऊन माणसं दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. थिनिंग, शेंडा खुडणी, मग खुडा, असं करत उन्हाळा येतो. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाची खोपी, मुलं बरोबर, शाळा बुडालेली. यात थोडा फरक पाडला तो स्ट्रॉबेरीनं. बोरगाव, घागबारी, हतगड या पट्ट्यात थंडी चांगली पडते. महाबळेश्वरकडून रोपं आणून सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायची, गादीवाफ्यावर काळा कागद, खाली ठिबकची नळी. डिसेंबरपासून मार्चपर्यंत तोडा. सापुताऱ्याला निघालेल्या गाड्या रस्त्यावर थांबतात, आणि टोपल्या-खोकी मांडून बसलेल्या बाया रोख पैसा मोजून घेतात. हिवाळ्याचं काम घरच्या वावरात मिळालं की पिंपळगावला जायला लागत नाही, मुलगी शाळेत टिकते. यापेक्षा मोठा फायदा कुठला!

पण स्ट्रॉबेरी सगळ्यांच्या नशिबी नाही. पाणी ज्याच्याकडे त्याची स्ट्रॉबेरी. विहीर किंवा बंधाऱ्याजवळचं वावर असलं तर जमतं. रोपं, कागद, ठिबक, फवारणी धरून खर्च बराच येतो आणि तो आधी करावा लागतो. वर डोंगरउतारावर नागलीच पिकणार. म्हणून नागलीला दाम मिळणं स्ट्रॉबेरीपेक्षाही महत्त्वाचं आहे, असं माझं मत. केंद्राचा हमीभाव २०१८-१९ ला क्विंटलला २,८९७ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ४,८८६ झाला. वाढला, छान झालं. आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय नाशिकलाच आहे. खरेदी केंद्र वेळेवर उघडलं तर हा भाव बाईच्या हातात पडेल, नाहीतर आठवडे बाजारात व्यापारी म्हणेल तो भाव. पापड करून विकणाऱ्या बचत गटांना तोच पैसा दुप्पट होऊन मिळतो, म्हणून पापड घेताना तो गटाचा आहे का एवढं विचारून घ्यायला हरकत नाही.

आपल्यापैकी ज्या बागायती किंवा जिरायती शेतीवाल्या घरांतल्या आहेत त्यांना वाटेल, हे सगळं आदिवासींचं. तसं नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. पुढे शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कित्येक गावांतल्या नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. राज्य सरकारनं १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजनाच काढली. नवऱ्यानं तहसीलदारांकडे अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. ही योजना किती घरांत माहीत आहे? हळदीकुंकवाला विषय काढून बघा. सातबारा आता महाभूलेखच्या वेबसाइटवर घरबसल्या बघता येतो, नातवाच्या मोबाइलवर दोन मिनिटांचं काम. घरात मयत झाली तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. तो तलाठ्याकडे द्यावा. आता सरकारनं त्यांना ग्राम महसूल अधिकारी असं नाव दिलं आहे, पण लोकांच्या तोंडी तलाठीच. अर्जात मुलींची आणि विधवा सुनेची नावं वगळली तर जात नाहीत ना, हे बायकांनी स्वतः वाचून बघावं. दिरानं सांगितलं म्हणून सही करू नये.

वनपट्ट्याचं मात्र गावापासून सुरू होतं. दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे जातो, मग ग्रामसभेकडे, तिथून प्रांतांच्या समितीकडे, शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. फेटाळला तर साठ दिवसांत अपील. जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्धही २०२० पासून राज्यात विभागीय समितीकडे जाता येतं. पुरावा म्हणून सरकारी कागदच लागतो असं नाही. जुना बांध, विहीर, घराचं जोतं, लावलेली झाडं, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, हे सगळं चालतं. एकाहून जास्त पुरावे हवेत एवढंच. कुठला बांध कुणी घातला, कुठल्या साली कुठल्या वावरात नागली होती, हे गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. जबाब घ्यायला मात्र लोक म्हाताऱ्यांकडे जातात आणि म्हातारी चुलीपाशी बसून राहते.

वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असायलाच हव्यात आणि दाव्यांवर ठराव करणाऱ्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकीही एक तृतीयांश. कायद्यात तसं स्पष्ट आहे. पण ग्रामसभा कधी असतात बघा. २६ जानेवारीला अर्ध्या बाया पिंपळगावच्या बागेत खुडा करत असतात. १ मेला त्या झिऱ्यावर हंड्याच्या रांगेत. १५ ऑगस्टला पाऊस आणि निंदणी. राहिली २ ऑक्टोबरची. तेव्हा नागली अजून वावरात उभी असते, मुकादम गावात आलेला नसतो आणि बाया घरीच असतात. दावा राहिला असेल, किंवा पट्ट्यावर एकट्या नवऱ्याचंच नाव पडलं असेल, तर कागद घेऊन बसायची सभा ती.